चेरोकी राष्ट्राचे छापील कायदे

कायदा ठाऊक नव्हता ही सबब कोणत्याही न्यायालयात चालत नाही. हे तत्त्व जगभर मान्य आहे. परंतु त्याच्याच पोटात दुसरे एक तत्त्व दडलेले आहे आणि त्याचा उच्चार मात्र क्वचितच होतो. ज्याने कायदा केला त्याने तो लोकांच्या हाती पडेल अशा ठिकाणी आणि त्यांना उमजेल अशा भाषेत ठेवला पाहिजे, हे ते तत्त्व होय. मोठमोठ्या साम्राज्यांनी या दुसऱ्या तत्त्वाची फारशी पर्वा केली नाही. उत्तर अमेरिकेतील एका लहानशा आदिवासी राष्ट्राने मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मनावर घेतले आणि त्यासाठी आपली लिपी, आपला छापखाना व आपले वृत्तपत्र उभे केले. या राष्ट्राचे नाव चेरोकी.

आज ज्यांना जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना आणि अ‍ॅलाबामा म्हणतात, त्या राज्यांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात तो अ‍ॅपलेशियन पर्वताचा दक्षिण भाग चेरोकींची मूळ भूमी. नद्यांच्या काठाने त्यांची गावे वसलेली होती आणि सारा समाज सात कुळांत विभागलेला होता. मूल आईच्या कुळाचे मानले जाई. खून झाला तर मारेकऱ्याच्या कुळाकडून प्राणाच्या बदली प्राण घेण्याचा अधिकार, किंबहुना कर्तव्य, मृताच्या कुळाचे असे. हा कायदा कोठेही लिहिलेला नव्हता आणि तो लिहिण्याची कोणास गरजही भासली नाही. आजीच्या मांडीवर बसलेल्या नातवालाही तो ठाऊक असे. जो कायदा प्रत्येकाच्या तोंडी असतो त्याला राजपत्र लागत नाही.

परंतु अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ पालटला. गोऱ्या वसाहतवाल्यांशी झालेल्या लढायांत आणि तहांत जमीन घटत गेली. नांगर, चरखा, कापूस, गुरेढोरे आणि व्यापार यांनी जीवन बदलले. घोड्यांची चोरी हा तर सरहद्दीवरील नित्याचा धंदा होऊन बसला. ११ सप्टेंबर १८०८ रोजी ब्रूम्सटाउन येथे भरलेल्या सभेने चेरोकींचा पहिला लेखी कायदा केला. एक कप्तान, एक लेफ्टनंट व चार शिपाई अशा सहासहा जणांच्या तुकड्या नेमून त्यांच्याकडे चोरांच्या बंदोबस्ताचे काम सोपवले. घोडा चोरणाऱ्यास शंभर फटक्यांची शिक्षा ठरली. विधवा आणि पोरके यांच्या मिळकतीचे रक्षण हेही या तुकड्यांचेच काम. कायद्याचे खरे मर्म मात्र एका लहानशा कलमात आहे. चोराने शस्त्र उगारून प्रतिकार केला आणि त्यात तो मारला गेला, तर त्याच्या कुळाने त्या रक्ताचा जाब शिपायांकडे मागू नये, असे त्यात म्हटले होते. कुळाचा अधिकार राष्ट्राच्या हाती येऊ लागल्याची ही पहिली लेखी खूण. दोनच वर्षांनी, १० एप्रिल १८१० रोजी, सातही कुळांच्या संमतीने मागील रक्तऋणे विस्मृतीत टाकण्यात आली. शतकानुशतकांचा सूडधर्म एका लहानशा ठरावाने मागे सारणारी उदाहरणे जगाच्या इतिहासात फार नाहीत.

येथून पुढे कायदे भराभर होऊ लागले. १८१७ मध्ये एक स्थायी समिती निर्माण झाली. १८२० मध्ये देशाचे आठ जिल्हे पाडून प्रत्येकाला न्यायसभा दिली गेली. त्यानंतर लवकरच वरिष्ठ न्यायालयही आले. १८२१ साली टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे या कायद्यांची एक पुस्तिकाही छापून निघाली. सारे व्यवस्थित होते. उणीव एकच, पण मूळावरच घाव घालणारी होती. हे सारे कायदे इंग्रजीत होते. चार्ल्स हिक्स यांच्यासारखे दुभाषी कारभारी मसुदा लिहीत आणि सभेत तो चेरोकीतून समजावून सांगत. पण सभा उठली की कायदा कागदावर परक्या भाषेत राही आणि लोकांजवळ उरे ती केवळ ऐकीव आठवण. पूर्वीचा तोंडी कायदा सर्वांना ठाऊक होता. नवा लेखी कायदा इंग्रजी जाणणाऱ्या मूठभर घराण्यांचा होऊ पाहत होता. लेखनाने कायदा पक्का होतो हे खरे. त्याच लेखनाने तो बहुजनांच्या हातून निसटूही शकतो.

ही कोंडी ज्याने फोडली तो कारभारी नव्हता, पंडितही नव्हता. सिक्वोया हा पायाने अधू असलेला एक कारागीर. चांदीचे काम करणारा आणि लोहारकीही जाणणारा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावर खुणा करून दूरच्या माणसाशी बोलतात, एवढे त्याने पाहिले आणि आपल्या भाषेलाही हे साधले पाहिजे असा ध्यास घेतला. प्रथम त्याने प्रत्येक शब्दाला एक चिन्ह देऊन पाहिले. चिन्हांचा ढीग झाला आणि स्मरणशक्ती थकली. मग त्याच्या ध्यानी आले की शब्द अगणित असले तरी ते ज्यांतून घडतात ते ध्वनी मोजकेच आहेत. सुमारे बारा वर्षांच्या खटपटीनंतर १८२१ च्या सुमारास शहाऐंशी चिन्हांची लिपी सिद्ध झाली; पुढे त्यांतील एक गळून पंच्याऐंशी राहिली. मराठी वाचकाला तिचे स्वरूप समजण्यास कठीण नाही, कारण ती एका अर्थी बाराखडीच आहे. फरक इतकाच की 'का', 'की', 'को' यांच्या आकृतींत परस्परांशी काही साम्य नसते. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. एका स्वराचा उच्चार तर आपल्या 'अं'च्या बराच जवळचा आहे. कित्येक आकृती इंग्रजी पुस्तकातून उचललेल्या, पण त्यांचे मूळ उच्चार ठाऊक नसल्यामुळे भलत्याच ध्वनींना जोडलेल्या आहेत. सिक्वोयाने प्रथम आपल्या लहान मुलीला ही विद्या शिकवली आणि तिच्या साहाय्याने शंकेखोरांची खात्री पटवली. त्यानंतर शाळा नाही, शिक्षक नाही, अनुदान नाही, आणि तरीही चार-पाच वर्षांत ही लिपी घरोघर पसरली. १८२४ मध्ये राष्ट्रसभेने त्याला रौप्यपदक देण्याचा ठराव केला. निरक्षर माणसाने एकट्याच्या बळावर लिपी घडवल्याचे इतके स्पष्ट दुसरे उदाहरण दाखवणे कठीण आहे.

आता कायदा लोकांच्या भाषेत लिहिता येत होता. छापण्याची सोय तेवढी हवी होती. १८२५ मध्ये न्यू एकोटा या नव्या राजधानीची स्थापना करण्याचे ठरले. तेथे सभागृह, न्यायालय आणि छापखाना एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर उभे राहिले. राष्ट्राच्या वतीने इलायस बूडिनॉट हा मिशनरी विद्यालयात शिकलेला चेरोकी तरुण १८२६ मध्ये पूर्वेकडील शहरांत व्याख्याने देत हिंडला आणि त्याने वर्गणी गोळा केली. खिळे बोस्टनमध्ये ओतवून घेण्यात आले. त्या कामी सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याने मोठी मदत केली. त्याला पाठवणारी बोस्टनची अमेरिकन बोर्ड ही संस्था मराठी माणसाला अपरिचित नाही. तिचेच मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले होते आणि पुढे थोड्याच वर्षांत त्यांनी उभारलेल्या अमेरिकन मिशन छापखान्याने मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेत महत्त्वाची कामगिरी बजावली. एकाच संस्थेचे लोक एकाच सुमारास मुंबईत देवनागरी खिळ्यांची आणि जॉर्जियाच्या अरण्यात सिक्वोयाच्या खिळ्यांची जुळणी करीत होते, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघडच. परंतु छापखाना एकदा उभा राहिला की तो केवळ मालकाच्याच उपयोगी पडतो असे नाही.

२१ फेब्रुवारी १८२८ रोजी 'चेरोकी फीनिक्स' या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. संपादक बूडिनॉट. पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्यात चेरोकी मजकूर. पहिल्याच अंकात संपादकाने प्राधान्य दिले ते राष्ट्राच्या नव्या राज्यघटनेला. ही घटना आदल्या वर्षी, २६ जुलै १८२७ रोजी, न्यू एकोटा येथे संमत झाली होती. पुढील अंकांतून १८०८ पासूनचे कायदे क्रमाने छापले जाऊ लागले. वर्गणीचा दरही पाहण्यासारखा होता. इंग्रजी वाचकास आगाऊ अडीच डॉलर, तर केवळ चेरोकी वाचणाऱ्यास दोन डॉलर. कायद्याची किंमत सामान्य माणसाच्या खिशाला परवडावी याची ही काळजी आजच्या काही सरकारी प्रकाशनांनीही घ्यावी अशी आहे.

घटनेची रचना अमेरिकेच्या धर्तीवर होती. राष्ट्रीय समिती आणि राष्ट्रीय परिषद अशी दोन सभागृहे. प्रत्येक जिल्ह्यातून पहिलीवर दोन व दुसरीवर तीन प्रतिनिधी. दोन्ही सभागृहांनी मिळून चार वर्षांसाठी निवडलेला मुख्य प्रमुख. १८२८ मध्ये हे पद जॉन रॉस यांच्याकडे आले आणि १८६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच राष्ट्राचे नेते राहिले. परंतु या चित्राला काळी बाजूही होती. ज्या समाजात कूळ आईवरून चालत असे त्या समाजाच्या घटनेने मताचा हक्क केवळ पुरुषांना दिला. आफ्रिकी वंशाच्या लोकांना तर त्यात स्थानच नव्हते. श्रीमंत चेरोकी जमीनदार गुलाम बाळगीत. १८३५ च्या शिरगणतीत साडेसोळा हजार चेरोकींबरोबर जवळजवळ सोळाशे गुलामांची नोंद आहे. आणि १८४१ मध्ये याच राष्ट्राच्या सभेने गुलामांना लिहिण्या-वाचण्यास शिकवणे हा दंडनीय अपराध ठरवला. ज्यांनी आपला कायदा प्रत्येक घरात वाचला जावा म्हणून एवढे कष्ट घेतले, त्यांनीच त्या घरातील एका वर्गाला अक्षराची बंदी केली. अक्षराचे सामर्थ्य त्यांना किती नेमके उमगले होते, याचे हे दुःखद प्रमाण होय.

जॉर्जिया राज्याला या घटनेचा संताप आला. आपल्या हद्दीत दुसरे एक सार्वभौम राष्ट्र, त्याची घटना, त्याचे न्यायालय, त्याचे वृत्तपत्र! त्यात चेरोकी भूमीत सोने सापडले. जॉर्जियाच्या विधिमंडळाने चेरोकी प्रदेशाला आपले कायदे लावले, १ जून १८३० पासून चेरोकींचे सारे कायदे रद्दबातल ठरवले आणि गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष न्यायालयात ग्राह्य नाही असे जाहीर केले. चेरोकी सभा भरवणे हाही जॉर्जियात गुन्हा झाला. सभेला सरहद्द ओलांडून टेनेसीतील रेड क्ले येथे जावे लागले. राज्याशी निष्ठेची शपथ न घेतल्याबद्दल वूस्टरला चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला की चेरोकी राष्ट्र हा स्वतंत्र समाज असून त्याच्या भूमीत जॉर्जियाच्या कायद्याला जागा नाही. न्याय मिळाला, तो अंमलात मात्र आला नाही.

इथे या इतिहासातील सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. निकालाचा उपयोग होत नाही असे दिसताच बूडिनॉटचे मत फिरले. देश सोडून पश्चिमेस जाण्यावाचून गत्यंतर नाही आणि ही वस्तुस्थिती लोकांपुढे मांडून तिची उघड चर्चा झाली पाहिजे, असे तो म्हणू लागला. रॉस यांनी त्याला मनाई केली. फीनिक्स हे राष्ट्राच्या पैशाने चालणारे पत्र. शत्रू दाराशी असताना त्यातून दुहीचा आवाज उमटू नये, ही त्यांची भूमिका. ऑगस्ट १८३२ मध्ये बूडिनॉटने राजीनामा दिला. दोघांचेही म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. बहुसंख्य चेरोकी रॉस यांच्याच बाजूचे होते आणि पुढील घटनांनी बूडिनॉटच्या लोकशाहीप्रेमाची मर्यादाही उघड केली. पण एक गोष्ट या वादाने स्पष्ट झाली. संमत झालेला कायदा लोकांना वाचू देणे वेगळे आणि त्या कायद्यावरील मतभेद वाचू देणे वेगळे. पहिल्याबद्दल चेरोकी शासन उदार होते. दुसऱ्याबद्दल ते इतर शासनांसारखेच होते. ३१ मे १८३४ रोजी फीनिक्सचा शेवटचा अंक निघाला आणि पुढल्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच ताब्यात घेतला.

२९ डिसेंबर १८३५ रोजी त्याच न्यू एकोटात बूडिनॉट, मेजर रिज व त्यांच्या अल्पसंख्य पक्षाने, राष्ट्रसभेचा अधिकार नसताना, सारी पूर्वेकडील भूमी संयुक्त संस्थानांना देऊन टाकणाऱ्या तहावर सह्या केल्या. अमेरिकेच्या सिनेटमध्ये तो आवश्यक दोन-तृतीयांशांपेक्षा केवळ एका मताने अधिक मिळून संमत झाला. १८३८-३९ मध्ये सोळा हजारांच्या आसपास लोकांना लष्कराच्या पहाऱ्यात घराबाहेर काढून सक्तीने पश्चिमेकडे नेण्यात आले. त्यांतील सुमारे चार हजार दगावले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. राष्ट्राच्या अनुमतीवाचून जमीन विकणाऱ्यास देहदंड, हा कायदा सभेने १८२९ मध्ये लेखी केला होता; त्या वेळी राष्ट्राच्या वृत्तपत्राचा संपादक बूडिनॉटच होता. २२ जून १८३९ रोजी पार्क हिल येथे औषध मागण्याचे निमित्त करून आलेल्या लोकांनी त्याला घराबाहेर गाठून ठार केले. मेजर रिज आणि त्याचा मुलगा जॉन यांचीही त्याच दिवशी तीच गत झाली. खटला झाला नाही, न्यायाधीश बसला नाही. कायदा छापील होता. अंमलबजावणी मात्र जुन्या सूडधर्माची होती.

नव्या भूमीत, आजच्या ऑक्लाहोमात, टाहलेक्वा ही राजधानी झाली. ६ सप्टेंबर १८३९ रोजी नवी घटना झाली आणि थोड्याच वर्षांत छापखान्याची पुन्हा आठवण झाली. २६ सप्टेंबर १८४४ रोजी 'चेरोकी अ‍ॅडव्होकेट' हे दुभाषी पत्र सुरू झाले. त्याचा संपादक विल्यम पॉटर रॉस हा प्रिन्स्टनचा पदवीधर आणि मुख्य प्रमुखांचा भाचा होता. मधूनमधून खंड पडत हे पत्र १९०६ पर्यंत चालले. १८५२ मध्ये त्याच्याच कचेरीतून जुन्या राष्ट्राचे कायदे एकत्र करून पुस्तकरूपाने छापण्यात आले. १८७५ मध्ये सेंट लुई येथे आणखी एक संहिता निघाली. चेरोकी लिपीतही अशा संहिता छापल्या गेल्या. कडू आठवणींच्या काळातले, हातच्या गेलेल्या प्रदेशातले ते कायदे छापण्यात खर्च कशाला, असा प्रश्न कोणी केला नाही. देश हरपला तरी कायद्याची अखंडता हरपली नाही, हे त्या पुस्तकाने सिद्ध केले.

पुढचा घाव शांतपणे आला. २८ जून १८९८ च्या कर्टिस कायद्याने आदिवासी न्यायालये बंद केली आणि आदिवासी राष्ट्रांचे कायदे संयुक्त संस्थानांच्या न्यायालयांत अंमलात येणार नाहीत असे ठरवले. सामाईक जमिनीची व्यक्तिगत वाटणी झाली. १९०७ मध्ये ऑक्लाहोमा राज्य अस्तित्वात आले. पुस्तके कपाटात राहिली. ती उघडून निवाडा देणारा कोणी उरला नाही. त्यानंतर सुमारे सहा दशके चेरोकींचा प्रमुख अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या नेमणुकीने येई, आणि पुष्कळदा एखाद्या दस्तऐवजावर सही करण्यापुरता. १९७० च्या कायद्याने निवडणुकीचा हक्क परत मिळाला. १९७१ मध्ये प्रमुख निवडला गेला. १९७६ मध्ये नवी घटना मतदारांनी मान्य केली.

परत मिळालेल्या स्वराज्याला जुना प्रश्न नव्या रूपात भेटला. १९९७ मध्ये राष्ट्राच्या आर्थिक कागदपत्रांवरून वाद पेटला. न्यायालयाचे अधिपत्र घेऊन चेरोकी पोलिसांनी खुद्द प्रमुखांच्या कचेरीची झडती घेतली. प्रमुखांनी त्या पोलिसांनाच बडतर्फ केले. काही महिने राष्ट्रात दोन अंमलदार फळ्या एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि परिषदेच्या एका गटाने न्यायाधीशांवर महाभियोग चालवला. कागद कोणाचा, शासनाचा की प्रजेचा, हा त्या तंट्याचा गाभा. त्यातून बोध घेऊन २००० मध्ये वृत्तपत्राला संपादकीय स्वातंत्र्य देणारा कायदा झाला आणि २००१ मध्ये माहितीच्या अधिकाराचा. रॉस आणि बूडिनॉट यांच्या वादाचा निर्णय एकशे अडुसष्ट वर्षांनी, बूडिनॉटने मागितला होता त्या बाजूने, लागला असे म्हणता येईल. २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतून 'रक्ताने चेरोकी' हे शब्द काढून टाकले आणि १८६६ च्या तहाने गुलामांच्या वंशजांना दिलेले नागरिकत्व निर्विवाद केले.

त्याच वर्षी ऑक्लाहोमातील न्यायालयाने ईशान्येकडील चौदा परगण्यांत पसरलेला चेरोकी राखीव प्रदेश कायद्याने कधी संपुष्टात आलाच नव्हता असे मान्य केले. त्यामुळे चेरोकी दंडविधान पुन्हा मोठ्या प्रदेशात लागू झाले आणि ते लोकांना वाचायला मिळणे ही बाब केवळ अभिमानाची राहिली नाही. परिषदेची विधेयके व ठराव आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. ते इंग्रजीत असतात. राष्ट्राचे नागरिक चार लाखांहून अधिक आहेत आणि बहुतेकांना इंग्रजीच येते. चेरोकी अस्खलित बोलणारे दोन हजारांच्या आसपास उरले असून त्यांतील बरेचसे वृद्ध आहेत. १८२१ मध्ये जी भाषा कायद्याच्या आड येत होती तीच आता त्याची वाहक झाली आहे. सिक्वोयाची अक्षरे टाहलेक्वाच्या रस्त्यांवरील पाट्यांवर आणि शाळांच्या फळ्यांवर मुलांना नव्याने गिरवावी लागतात.

जॉर्जियाच्या विधिमंडळाने चेरोकींविरुद्धचे आपले जुने कायदे १९६२ मध्ये रद्द केले. त्याच सुमारास न्यू एकोटाची पुनर्रचना करून ते लोकांना पाहण्यास खुले करण्यात आले. १९५४ मध्ये तेथील मातीत उत्खनन करणाऱ्यांच्या हाती चेरोकी अक्षरांचे शिशाचे खिळे लागले होते. राष्ट्राच्या मालकीचे 'चेरोकी फीनिक्स' हे पत्र आज टाहलेक्वाहून निघते.